वीतभर अंतर

वळणावर सांडलेल्या खडीवरून माझी मोटरसायकल घसरली आणि मागे बसलेली माझी बायको सुनंदा रस्त्याच्या मधोमध जाऊन पडली. पाठीमागून येणारा ट्रक करकचून ब्रेक मारत थांबला. त्याचं चाक तिच्या हेल्मेटपासून वीतभर अंतरावर होतं. ड्रायव्हर उडी मारून खाली आला.

"ताई, लागलं का हो?" एवढंच विचारून तो मटकन रस्त्यावर बसला.

इतकी वर्षं रोज कुणाकुणाच्या पायाखालच्या ब्रेकवर आपण जगत आलो, या विचाराने मी थक्क होऊन त्याच्याकडे बघत राहिलो.

सुनंदा खरचटलेलं कोपर धरून उठली. पिशवीतली पाण्याची बाटली तिने त्याच्यापुढे धरली.

"दादा, आधी तुम्ही प्या."