साहेबांचा शब्द आणि कोंडाजीचं पाणी

नाशकात आम्ही रिटायर्ड मंडळी रविवारी मिसळ खायला जमतो. कोणीतरी साहेबांचं नाव काढतं आणि मग रस्सा गार झाला तरी कोणी उठत नाही. साहेब पुढे राजदूत झाले, पण सत्तरच्या दशकात ते आमच्या पुनर्वसन कचेरीचे प्रमुख होते आणि मी त्यांचा स्टेनो. किस्से इतके साठलेत, की हल्ली एकाचा किस्सा दुसरा बिनदिक्कत आपल्या नावावर खपवतो! हे मात्र माझेच. कोणी लाटू नयेत.

*

साहेबांची एक पद्धत होती. पत्र टाइप झालं की ते रामभाऊ शिपायाला वाचून दाखवायचं. रामभाऊला कळलं नाही, तर कागद फाडायचा आणि पुन्हा लिहायचं. माझी बोटं दुखायची, पण सांगतो कोणाला!

एकदा मुंबईला मोठ्या ऑफिसात जायचं पत्र मी वाचलं. रामभाऊ डोकं खाजवत म्हणाला, "साहेब, ह्यात आपण हो म्हटलंय का नाही, तेच कळंना."

"छान," साहेब मला म्हणाले. "हे फाडू नका. आजच्या टपालात घाला."

*

हरसूलच्या बाजारात साहेब साध्या शर्टात, चपला घालून हिंडत होते. नागली विकणाऱ्या एका म्हातारीला त्यांनी विचारलं, नवा साहेब कसा आहे?

"बरा हाय म्हणत्यात," ती म्हणाली. "पण लय चालतो. आमच्या तलाठ्याला पार वाळवला त्यानं."

तलाठी आमच्या मागेच उभा होता आणि इतक्या मनापासून मान डोलावत होता, की साहेबांनी त्याला तिथेच भजी खाऊ घातली.

*

इगतपुरीकडे एक धरण होत होतं. एक गाव पाण्याखाली जाणार, पावसाळा तोंडावर, आणि कोंडाजी नावाचा म्हातारा जागचा हलेना. तो हलेना म्हणून गावही हलेना. पोलीस घेऊन जा, असा वरून हुकूम आला. साहेबांनी तो ड्रॉवरमध्ये टाकला आणि सलग तीन दिवस कोंडाजीच्या ओट्यावर जाऊन बसले.

तिसऱ्या दिवशी कोंडाजीनं एवढंच विचारलं, की माळावरच्या नव्या गावठाणात पाणी कुठाय? साहेब म्हणाले, "वर्षाच्या आत नळ येईल. माझा शब्द."

कोंडाजीनं कागद मागितला नाही. उठला आणि घरातलं जातं बैलगाडीत चढवलं. पाठोपाठ सगळं गाव निघालं.

चार महिन्यांत साहेब दिल्लीला गेले आणि तिथून परदेशी वकिलातीत. नळाची फाइल आमच्याकडेच राहिली. या टेबलावरून त्या टेबलावर, दुसरं काय!

*

साहेबांचं पत्र आलं की परदेशी स्टॅम्पसाठी कचेरीत मारामारी व्हायची. आत ख्यालीखुशालीच्या दोन ओळी आणि शेवटी ठरलेला प्रश्न: कोंडाजीकडे पाणी आलं का? मी लिहायचो, नाही. कित्येक वर्षं हेच चाललं. एका दिवाळीला मला त्यांची दया आली आणि मी लिहिलं, लवकरच येईल.

उलट टपाली उत्तर आलं. "लवकरच म्हणजे काय, ते मला नका शिकवू. मी आता त्याच धंद्यात आहे."

*

ऐंशीनंतर कधीतरी साहेब राजदूत झाले आणि रजेवर नाशकात आले. आल्या आल्या मला घेऊन गावठाणात गेले.

आपल्याकडे पाहुण्याला आधी पाण्याचा तांब्या देतात. कोंडाजीनं तो दिला नाही. सुनेनं एकदम चहाच आणला, नुसत्या दुधाचा.

"म्हैस घरची हाय, दूध पायजे तेवढं प्या," कोंडाजी म्हणाला. "पाणी सुना डोक्यावरनं आणत्यात. दोन मैल."

रागानं नाही म्हणाला हो. रागावला असता तर बरं झालं असतं. समोर खाली धरण काठोकाठ भरलेलं दिसत होतं आणि मला मान वर करवेना. लाज वाटली, खरंच सांगतो.

साहेबांनी कप रिकामा केला आणि कोंडाजीला विचारलं, उद्या सोमवार आहे, माझ्याबरोबर नाशकाला येता का?

*

सोमवार म्हणजे कचेरीत तक्रारींचा दिवस. आमचे नवे साहेब तरुण होते, जुन्या साहेबांना चेहऱ्यानं ओळखत नव्हते. साहेब बाहेर कोंडाजीशेजारी बाकावर बसले. रामभाऊ पळत आला, तर त्याला हातानंच गप्प केलं. दीड तासानं त्यांचा नंबर लागला.

मी आत टिपणं घ्यायला होतो. अर्जावर कोंडाजीचा अंगठा, पण अक्षर साहेबांचं, मी ओळखलं. नवे साहेब मोठ्यानं वाचू लागले. अधिकाऱ्यानं पाण्याचा शब्द देऊन गाव हलवलं. शब्द पाळला नाही. इतकी वर्षं चौकशीलाही आला नाही.

"आजोबा, तक्रार कोणाविरुद्ध ते लिहिलेलं नाही," नवे साहेब म्हणाले. "त्या अधिकाऱ्याचं नाव काय?"

कोंडाजीनं नकारार्थी मान हलवली.

तेव्हा त्याच्या शेजारी बसलेले आमचे साहेब खुर्चीतून उठले आणि टेबलासमोर हात बांधून उभे राहिले.

"ते सांगणार नाहीत," साहेब म्हणाले. "माझं नाव लिहा."