थोरल्या दिरांचा राहिलेला पगार

माझे थोरले दीर मी कधी पाहिले नाहीत. लढाईच्या दिवसांत ते बोटीवर आगवाले म्हणून गेले, म्हणजे बॉयलरमध्ये कोळसा टाकायचं काम. सुरुवातीला दोन-चार पत्रं आली, मग काहीच नाही. मी लग्न होऊन मुलुंडच्या चाळीतल्या त्या दोन खोल्यांत आले तेव्हा लढाई संपून बरीच वर्षं झाली होती, बोटीवरची बाकीची माणसं परत येऊन म्हातारी व्हायला लागली होती, आणि आमच्या घरात थोरल्या जाऊबाई अजून सवाष्ण होत्या.

सवाष्ण होत्या, कारण सासूबाईंचा तसा हुकूम होता. 'माझो झील येतलो,' असं त्या दिवसातून एकदा तरी म्हणायच्या. आमच्या मालवणकडे मुलाला झील म्हणतात, आणि येतलो म्हणजे येणार. जाऊबाईंना मी ताई म्हणत असे. त्यांना मूल नव्हतं. आमच्यात पाट लागतो, नवरा गेलेल्या बाईचं दुसरं लग्न होतं. म्हणून त्यांचा भाऊ एकदा गावाहून त्यांना न्यायला आला होता. सासूबाईंनी त्याला उंबऱ्यावरूनच परतवून लावलं. नवरा जिवंत असलेल्या बाईचा पाट कसा लागेल, असं त्यांचं म्हणणं. आणि त्याच सासूबाई भाजीत मीठ कमी पडलं की ताईंच्या पायगुणाने मुलगा समुद्रात गेला असंही म्हणायच्या. ताई वटपौर्णिमेचा उपास करायच्या, नळाचं पाणी भरायच्या, सगळ्यांची जेवणं झाल्यावर जेवायच्या. मला त्या फारसं काही बोलत नसत. मी नवी होते आणि शिकलेली होते, म्हणून असेल.

मग एके रविवारी आमच्या गावचा एक म्हातारा सारंग भेटायला आला. बोटीवरच्या खलाशांचा मुकादम तो, आता घरी बसलेला. त्याने यांना सांगितलं की गोदीजवळच्या सरकारी कचेरीत बेपत्ता आणि मेलेल्या खलाशांचे पगार पडून आहेत, कुणी मागायला गेलं नाही तर मुदत संपल्यावर सगळं सरकारजमा होणार, आणि तिथे लावलेल्या नावांत तुझ्या भावाचं नाव मी स्वतः वाचलं.

हे दुसऱ्याच दिवशी कचेरीत जाऊन आले. रक्कम बरी होती. पण ती मिळायला एक अट होती. सात वर्षं माणसाची खबर नसली तर कायदा त्याला मेला असं धरतो, पण घरच्यांनी शपथेवर तसं सांगायला हवं. बायकोने आधी, मग आईने.

त्या संध्याकाळी सासूबाई खूप रडल्या. चाळीतल्या बायका येऊन बसल्या, कुणी चहा केला. ताई चुलीपाशी भाकऱ्या थापत होत्या. सकाळी उठल्यावर सासूबाईंचे डोळे कोरडे होते. त्या यांना विचारत होत्या की बुधवारी कचेरी उघडी असते ना. मग म्हणाल्या, ही कुंकू लावून गेली तर साहेब म्हणेल नवरा जिवंत आहे आणि एक पै हातात पडायची नाही.

मंगळवारी दुपारी त्यांनी ताईंना मोरीत बसवलं. बांगड्या दगडावर आपटून फोडल्या, मंगळसूत्र काढून स्वतःच्या पेटीत ठेवलं, ओल्या फडक्याने कपाळ पुसलं. कुंकू इतक्या वर्षांचं होतं, त्या जागी चामडी फिकट पडली होती, ती त्या पुन्हा पुन्हा घासत राहिल्या. ताईंच्या मनगटाला काच लागून रक्त आलं. शेजारच्या बाईने विचारलं की सुतक धरणार का, दिवस कधी करणार. सासूबाई म्हणाल्या, पैसे आल्यावर बघू. रात्रीची भांडी ताईंनीच घासली.

बुधवारी यांना रजा मिळाली नाही, म्हणून सही करता येणारी म्हणून मी बरोबर गेले. सारंग साक्षीला होता. खरं सांगायचं तर वाटेत मी मनातल्या मनात त्या पैशांतून तिसरी खोली घेऊन टाकली होती, पडद्यांसकट.

साहेब वयस्कर होते, मराठीच होते, आणि सावकाश बोलत होते. त्यांनी आम्हाला बसायला बाक दिलं आणि आम्हाला कुणालाच माहीत नसलेली हकिकत सांगितली. दीर परदेशातल्या एका बंदरात आजारी पडले. त्यांना तिथल्या इस्पितळात ठेवून बोट पुढे गेली. बरे झाल्यावर ते कुणाला न सांगता इस्पितळातून निघून गेले, आणि नंतर त्यांना कुणी पाहिलं नाही. त्यांची ट्रंक इथे आली, ती लिलावात विकली, तेही पैसे पगारात धरले आहेत.

म्हणजे ते आपल्या पायांनी चालत गेले होते. मी ताईंकडे पाहिलं. त्या समोरच्या भिंतीकडे बघत होत्या.

साहेब म्हणाले, "ते मेले असं मी म्हणू शकत नाही. तुम्ही म्हणायला हवं. बाई, तुमचे यजमान हयात नाहीत, असं तुम्ही शपथेवर सांगता का?"

ताई सासूबाईंकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मला ठाऊक नाही. ते जिवंत आहेत असं मला इतकी वर्षं यांनी सांगितलं. काल मेले असंही यांनीच सांगितलं. यांनाच विचारा."

कारकुनाचा टाक थांबला. सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या, मग सारंगाकडे. सारंगाने टोपी काढून मांडीवर ठेवली. साहेबांनी सासूबाईंना हळूच विचारलं की आजी, तुमचा मुलगा हयात आहे की नाही. सासूबाईंच्या तोंडातून नुसता वारा आल्यासारखा आवाज आला. कारकुनाला ऐकू गेलं नाही.

"मोठ्याने सांगा, आई," ताई म्हणाल्या. "त्यांना लिहून घ्यायचंय."

"माझो झील मेलो," सासूबाई म्हणाल्या.

मग ताईंनी, यजमान हयात नाहीत, असं एका दमात सांगून टाकलं. कारकुनाने लिहिलेलं सगळं वाचून दाखवलं. त्यात सगळी रक्कम बायकोला द्यायला आईची हरकत नाही, असंही होतं. सासूबाई नुसती मान डोलावत होत्या. त्यांचा अंगठा कारकुनानेच धरून शाईत बुडवला.

पैसे महिन्याभराने मिळाले. त्या दिवशी कचेरीच्या पायऱ्या उतरल्यावर सासूबाईंनी पदर पसरला. ताईंनी नोटांची पुरचुंडी केली, कनवटीला लावली आणि चालायला लागल्या. घरी आल्यावर यांनी त्यांना समजावून पाहिलं. म्हणाले, वहिनी, घरचा पैसा आहे.

"घरचा असता तर घरातलं माणूस गेल्यावर कुणीतरी त्याचं तेरावं घातलं असतं," ताई म्हणाल्या.

आठवड्यात त्यांनी आमच्याच चाळीत, समोरच्या टोकाची रिकामी खोली भाड्याने घेतली आणि खानावळ घातली. आग्रा रोडवर तेव्हा एकामागून एक कारखाने उभे राहत होते आणि एकटी राहणारी माणसं जेवायला जागा शोधत होती. ताईंच्या हाताला चव होती. वर्षाच्या आत दारात चपलांचा ढीग पडायला लागला. आमच्या घरात पाणी आता मी भरत होते.

काही दिवस गेले आणि सासूबाईंनी पुन्हा सुरू केलं. माझो झील येतलो. इस्पितळातून चालत गेला म्हणजे बरा झाला होता, कुठेतरी कामाला लागला असेल. त्या दारात बसून पोस्टमनची वाट पाहायच्या. पोस्टमन चाळीत शिरला की त्या उठून उभ्या राहायच्या, आणि समोरून, जेवणाऱ्या माणसांच्या देखत, ताई त्याला हाक मारून सांगायच्या की त्या म्हातारीला काही देऊ नका, मेलेली माणसं पत्र घालत नाहीत. हे रोज चालायचं. माणसं हसायची. सारंगाने ताईंना एकदा हात जोडून बंद करायला सांगितलं. त्यांनी त्याला ताक दिलं आणि बंद केलं नाही.

मीही एकदा बोलून पाहिलं. म्हटलं, ताई, म्हातारं माणूस आहे. त्या तांदूळ निवडत होत्या.

"माझं सौभाग्य सांभाळायची त्यांना फार हौस होती," त्या म्हणाल्या. "आता माझं रांडपण सांभाळू देत."

सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांना माझ्या हातची पेज जाईना. ताईंच्या हातचीच हवी म्हणायच्या. ताई दोन वेळा येऊन भरवायच्या, तोंड पुसायच्या, कुशीवर वळवायच्या. कामात कसूर नव्हती. एका दुपारी सासूबाईंनी त्यांचं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "एकदा म्हण गो. तो येतलो म्हण. खोटां तरी म्हण."

ताईंनी वाटीतली शेवटची पेज चमच्याने गोळा केली, त्यांच्या तोंडात घातली, ती गिळेपर्यंत थांबल्या.

"तो मेला, आई. तुम्हीच सांगितलंत."

सासूबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. पुढे त्यांनी ताईंच्या हातचंही काही घेतलं नाही, आणि फार दिवस काढले नाहीत.

तेराव्याचं जेवण ताईंनीच रांधलं. वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, खीर, गावाहून आलेली सगळी माणसं वाहवा करत जेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आमच्या दारात आल्या आणि तेराव्याला जेवलेल्या पानांचे पैसे मागितले, बाहेरच्या गिऱ्हाइकाला लावायच्या त्याच भावाने. यांनी मोजून दिले. त्यांनी ते कनवटीला लावले आणि मला विचारलं की उसळ उरलीय, पाठवू की टाकून देऊ.