पाझरणारी नळी

लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. अर्जापलीकडे फारसं काही लिहिलेलं नाही, तेव्हा सांभाळून घ्यावं.

कॉलेजच्या बागेत गुलाबांच्या मुळाशी एक काळी नळी असते. तिला अंगभर बारीक छिद्रं आहेत. नळ थोडा सोडला की ती घामेजते आणि आवाज न करता माती ओली होते. तिच्याकडे बघत बसलो की माझा तास चुकतो.

दिवाळीत तशीच नळी मी घरच्या परसात वांग्या-मिरच्यांभोवती अंथरली होती. आईचे गुडघे दुखतात. तिने बादल्या उचलणं थांबवावं, एवढीच इच्छा. मी कॉलेजला परतल्यावर तिने सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून नळी जागोजागी बांधून टाकली. फोनवर म्हणाली, "दुकानदारानं फसवलं रे तुला. सगळीकडून गळतीय."

"आई, गळणं हेच तिचं काम आहे."

"एवढं शिकून गळकी नळी आणलीस होय," म्हणाली, आणि बादली भरायला गेली.

मला हसू आलं, थोडं वाईटही वाटलं. पण तिचंही खरं होतं. आमच्याकडे दिलेलं डोळ्यांना दिसावं लागतं. ताटात भात शिगोशीग, आळ्यात पाणी काठोकाठ. हळूहळू मुरणारं देणं ओळखायला वेळ लागतो.

आज धाकट्या बहिणीचा फोन आला. नळीवरच्या पट्ट्या सोडवून आई चार दिवस मामाकडे राहायला गेली आहे. झाडांचं काय, असं बहिणीने विचारलं, तर म्हणाली, "तू नुसता नळ सोड. बाकी नळी बघेल."