चाखूमामांची उपाशीपोटी तपासणी

बेकरीवाल्याला कुणी नावानं हाक मारत नसे. सगळ्या गल्लीचे ते चाखूमामा. पीठ मळून झालं की चिमूटभर तोंडात, क्रीम घोटलं की बोट तोंडात, बिस्किटांचा ट्रे भट्टीतून निघाला की कोपऱ्यातलं एक तोंडात. एकतीस वर्षं असं चाललेलं. मामी म्हणायच्या, "झोपेतसुद्धा काहीतरी चघळतच असतात हे."

आता अशा माणसाला उपाशीपोटी रक्त द्यायला सांगायचं! पण मामींनी हट्टच धरला. मामांच्या थोरल्या भावाची साखर कित्येक वर्षं कुणाच्या ध्यानात आली नव्हती, आणि कळली तेव्हा एका डोळ्याची नजर गेलेली.

"मला काय धाड भरलीय?" मामा म्हणाले.

"काही होत नसतानाच बघायचं असतं ते. पन्नाशी उलटली तुमची. वर्षातून एकदा सुई टोचून घेतलीत तर झिजणार नाही."

खरं सांगायचं तर मामांची पाचावर धारण बसली होती. साखर निघाली तर चाखणं बंद, आणि चाखणं बंद झाल्यावर बेकरीत त्यांनी करायचं काय?

पहिल्या दिवशी लॅबवाल्या ताईनं दंडाला पट्टा आवळला आणि विचारलं, "काही खाल्लं नाही ना?"

"छे! पाण्याशिवाय काही नाही."

"मग मिशीला हे पांढरं काय लागलंय?"

क्रीम होतं. कधी चाखलं ते मामांना खरंच आठवत नव्हतं. पुढच्या आठवड्यात मामींनी त्यांना तोंडाला फडकं बांधून आणलं, तर खुर्चीत बसताबसताच मामा पुटपुटले, "बिस्किट... पण अर्धंच हो." तिसऱ्या खेपेला मामी पहाटेपासून लाटणं घेऊन भट्टीपाशी उभ्या राहिल्या. दूधवाल्यानं हाक मारली म्हणून नुसती मान वळवली, तेवढ्यात मामांनी डाव साधला. "मीठ बघितलं फक्त!"

ताईनं कपाळाला हात लावला. मग तिचं लक्ष मामींकडे गेलं. "मामी, तुम्ही काय खाऊन आलात?"

"मी? हे उपाशी असताना माझ्या घशाखाली घास उतरेल का? तिन्ही वेळा उपाशीच आलेय."

"मग उठा मामा. मामी, तुम्ही बसा. तुमचं तरी रक्त कधी तपासलंय?"

कधीच तपासलेलं नव्हतं. आणि दुसऱ्या दिवशी अहवाल आला, तर मामींची साखर वाढलेली. तहान नाही, थकवा नाही, कशाचा पत्ता नाही! डॉक्टरांनी पुन्हा एकदा तपासून खात्री केली. डोळे पाहिले, बाकीच्या तपासण्या केल्या. सगळं धड होतं. "अगदी वेळेवर सापडली," ते म्हणाले. "गोळी, रोजचं चालणं आणि गोडाला कात्री."

मामींनी शांतपणे मान डोलावली. रडकुंडीला आले ते मामा. रोज संध्याकाळी केकचा तुकडा कागदात गुंडाळून बायकोसाठी नेणारे तेच ना!

"मीच भरवली गं तुला ही साखर."

"एकट्या केकनं होत नाही हे," डॉक्टर म्हणाले.

"ऐकलंत ना? आता डोळे पुसा. लोक बघतायत," मामी म्हणाल्या, आणि स्वतःचाच पदर पुढे केला.

दुसऱ्या दिवशी बेकरीच्या दारावर पाटी: आज बंद. एकतीस वर्षांत पहिल्यांदा! गल्लीत नाही नाही ते तर्क सुरू झाले. मामा मात्र सकाळीच लॅबमध्ये हजर. "भट्टीकडे फिरकलोच नाही, तर चाखणार काय, कप्पाळ?" आपलं काहीही निघो, मामींना आता आपल्यावर पहारा ठेवावा लागू नये, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

त्यांचा अहवाल स्वच्छ आला. मामी भडकल्या. "चाखायचं ह्यांनी आणि साखर माझ्या रक्तात! हा कुठला न्याय?" असं म्हणाल्या आणि इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

मग रोज भट्टी थंड झाली की दोघं चालायला निघू लागली. पहिल्या दिवशी कोपऱ्यापर्यंत जाताना मामांना धाप लागली, मामी पुढे. महिन्याभरात दोघं बागेला दोन फेऱ्या मारू लागली. भांडायलाही भरपूर वेळ मिळे.

तीन महिन्यांनी मामींची साखर पुन्हा तपासली. अहवाल घ्यायला दोघं सकाळीच लॅबमध्ये गेली. ताईनं कागद वाचला आणि हसत पुढे केला. आकडा चांगला खाली आला होता.

"आली!" मामा असे ओरडले की बाकावरची माणसं दचकली. "खाली आली हो! थांबा, कुणी जायचं नाही. आत्ता सगळ्यांना ताजा केक आणतो!"

"मामा!" ताई किंचाळली. "उपाशीपोटी रक्त द्यायला बसलेत सगळे!"

अख्खा बाक खो खो हसत सुटला. मामांचे डोळे भरून आले होते आणि तोंड काही मिटत नव्हतं. मामींनी त्यांचा हात धरून त्यांना बाहेर काढलं, आणि तो हात घर येईपर्यंत सोडला नाही.