डोळ्यांना पट्टी बांधून पाहिलेलं नगर

हसायचं नाही, आधीच सांगून ठेवतो. मूर्खपणा कोण करत नाही हो? पण तो आठवडाभर बसून आखायचा, कागदावर उतरवायचा आणि त्याला वेळापत्रक लावायचं, हे फक्त मास्तरलाच जमतं. मी मास्तर होतो.

लढाईचे दिवस ते. श्रीगोंद्याजवळच्या आमच्या गावात मी शाळेवर होतो आणि लग्नाला दीड वर्ष झालं होतं. या दीड वर्षात बायकोशी सलग पाच मिनिटं एकांतात बोललो असेन तर शपथ! घरात सोळा माणसं. ती चुलीपाशी, मी ओसरीवर. फार तर 'पाणी आण गं' म्हणायची सोय होती, तर पाणी घेऊन यायची धाकटी बहीण.

शेवटी ठरवलं, हिला तीन दिवस नगरला न्यायचं. दोघंच! यादी केली. पहिल्या दिवशी फराहबाग, म्हणजे निजामशाहीतला तळ्यातला महाल, आता पडका. दुसऱ्या दिवशी डोंगरावरचा चांदबिबीचा महाल. किल्ल्यात इंग्रज सरकारनं मोठमोठे पुढारी डांबून ठेवले होते, म्हणून तो वगळला. दुपारी खानावळीत मटण, संध्याकाळी इराण्याकडे मस्कापाव. आणि तिसऱ्या दिवशी सिनेमा, अंधारात, तिच्या शेजारी बसून! या शेवटच्या ओळीखाली मी लाल शाईची रेघ ओढली होती.

पण बायकोला घेऊन मजा करायला जातो, असं वडिलांना सांगायची त्या काळी कुणाची छाती होती? मी डोळ्यांचं दुखणं काढलं.

"आबा, डोळ्यांपुढं अंधारी येते. नगरला डॉक्टरला दाखवावं म्हणतो. वाट दिसत नाही, तर सोबतीला... सोबतीला हिला नेतो."

आबा नुसतं "हं" म्हणाले. आता इथं गप्प बसावं की नाही? पण त्यांना खात्री पटावी म्हणून मी चार दिवस घरात आंधळेपणा केला. दारांना धडकलो. उंबऱ्यांना ठेचकाळलो. म्हशीला 'काकू' म्हणून हाक मारली, त्यावर काकू दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. सोंग इतकं वठलं की आई डोळ्यांना पदर लावून बसली.

आणि आबा म्हणाले, "सूनबाई येवढीशी पोर. ती काय ह्याला सांभाळती? म्या येतो संगं."

"नको आबा, तुमचं रान..."

"रान कुठं पळून जातंय? डोळं गेलं तर पुना मिळत्यात व्हय?"

ऐन कामाच्या दिवसांत माणूस रान सोडून माझ्यासाठी निघाला होता. मला लाज वाटायला हवी होती. खरं सांगतो, मला नुसता राग आला.

कोळशावर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीत बसून आम्ही तिघं नगरला पोचलो. धर्मशाळेत बोचकी टाकली आणि आबांनी मला थेट डॉक्टरपुढे उभं केलं. डॉक्टर 'काही झालेलं नाही' म्हणाले तर आबा लगेच परतीच्या मोटारीत बसवतील, ही मला धास्ती. म्हणून एका जुन्या वैद्यकाच्या पुस्तकातून पाठ केलेली सगळी लक्षणं मी धडाधड म्हणून दाखवली. ठिणग्या दिसतात, टोचतं, चंद्र दोन दिसतात. एकही सोडलं नाही.

"खरंच इतकं?" डॉक्टर म्हणाले.

"सायेब," मागून आबा बोलले, "ह्यो म्हशीला काकू म्हनतो!"

झालं! डॉक्टरांनी थेंब घातले आणि दोन्ही डोळ्यांवर गच्च पट्टी बांधली. "तीन दिवस सोडायची नाही. रोज थेंबांना यायचं. तिखट, तेलकट बंद. दूधभात."

धर्मशाळेत मी भिंतीला टेकून बसलो. आबा म्हणाले, "आता तीन दिस हितं बसून करायचं काय?"

"मामंजी," बायको हळूच म्हणाली, "ह्यांनी यादी केलीया. कोटाच्या खिशात हाय."

तिनं ती सगळी वाचून दाखवली. चौथीपर्यंत शिकलेली होती ना! लाल रेघेची ओळ तेवढी नुसती 'सिनेमा' म्हणून वाचली, एवढी कृपा.

"मंग चला की!" आबा म्हणाले. "पोरीनं नगर कवा बगितलंय?"

फराहबागेत आबांनी मला काठीच्या टोकाला धरून नेलं आणि एका दगडापाशी उभं केलं. माझं तोंड गप्प राहीना. "ही इमारत पाहा," म्हणून मी निजामशाहीचा इतिहास सुरू केला. चांगला पाव तास बोललो. शेवटी कुणीतरी खाकरलं.

"मास्तर, झालं का? माज्या शेळ्या लांब गेल्या."

मंडळी कधीच जिना चढून वर गेली होती! वरून आबांचा आवाज येत होता, "सूनबाई, ह्या भिताडाची जाडी बग. आपलं आख्खं घर मावंल ह्यात. येवढा चुना मळायला किती बैलं फिरली आसतील? आन त्यास्नी पेंड कोन घालत आसंल?"

आणि ती खळखळून हसत होती. घरात ती पदर तोंडाला लावून हसे. तिचं असं मोकळं हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं. बरं वाटलं आणि पोटात जळलंही.

खानावळीत त्यांनी मटण खाल्लं, मी दूधभात. "रस्सा लई झ्याक हाय रं," आबा म्हणाले. मी म्हटलं, "आबा, सांगू नका." दुसऱ्या दिवशी "आंधळ्याला घिऊन डोंगर न्हाई चढायचा" म्हणून चांदबिबीचा महाल रद्द झाला आणि दोघं बाजार हिंडून आले. माझ्या वाट्याला पुन्हा भिंत.

उरला सिनेमा. आबांनी मला बाकावर बसवलं आणि "आलोच तंबाखू खाऊन" म्हणून गेले. जरा वेळानं डाव्या बाजूला कुणीतरी येऊन टेकलं. मोगऱ्याचा वास आला. मघाशी मीच तिच्यासाठी गजरा घ्यायला लावला होता! मी सावरून बसलो. पडद्यावर गाणं सुरू झालं तसा मी वाकलो.

"रागावलीस का गं?" मी कुजबुजलो. "डोळ्यांना काही झालेलं नाही माझ्या. तुझ्याशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून सगळं सोंग. मला काय ठाऊक, आबा घोरपडीसारखे चिकटतील!"

उत्तर नाही. लाजली असेल, म्हटलं. मी आणखी जवळ सरकलो. "तुझ्याशिवाय मला करमत नाही गं."

"सोड ती पट्टी," आबा म्हणाले.

मी पट्टी वर केली. शेजारी आबा, हातात पुड्यातला गजरा. बायका मधल्या कनातीपलीकडे वेगळ्या बसतात, हे वेळापत्रक करणाऱ्या मास्तरला ठाऊकच नव्हतं! कधी बाईमाणसाला घेऊन सिनेमाला गेलो असेन तर ना? दाराशीच आबांनी तिला तिकडे धाडलं होतं आणि गजरा त्यांच्या हाती राहिला होता.

आबांनी गजरा माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "मला सांगायचं हुतंस. म्या काय नगं म्हनलो आस्तो?" थोडं थांबून पुन्हा म्हणाले, "म्हनलो आस्तो."

सकाळी ते मोटारीच्या अड्ड्याकडे निघाले. "तुजी आई झुरत आसंल, तिला सांगतो डोळं बरं झालं. तुमी दोगं जावा डोंगरावर. उंद्या या."

अखेर दोघंच! टांग्यानं पायथ्याशी गेलो. डॉक्टरांच्या थेंबांचा अंमल अजून उतरला नव्हता, बाहुल्या मोठ्याच होत्या. उन्हात डोळे उघडेनात. तिनं मला हाताला धरून डोंगर चढवला. महालाच्या सावलीत बसलो. आसपास चिटपाखरू नाही. मी घसा साफ केला आणि दीड वर्षाचं साठलेलं सगळं बोलायला तोंड उघडलं. ती लांब नगराकडे बघत असावी.

"कसला विचार करतेस गं?" मी हळुवारपणे विचारलं.

ती म्हणाली, "आज मामंजी पायजे हुते हो. त्ये किती झ्याक दावत्यात!"