पॉवर बँक, सुनंदा आणि दोन हात केबल

लग्नासाठी मुलगी पसंत करायला मला एक संध्याकाळ पुरली होती. पॉवर बँक पसंत करायला दीड महिना लागला.

(हे मी घरात बोलून दाखवलं तेव्हा सुनंदा म्हणाली, "आम्हीही मुलगा बघायला दीड महिना घ्यायला हवा होता.")

झालं असं, की दिल्लीत द्वारकेतल्या आमच्या सोसायटीच्या मॉर्निंग वॉक ग्रुपने हिमालयातल्या एका उंच खिंडीचा पाच दिवसांचा ट्रेक ठरवला. बागेला दोन फेऱ्या मारून समोसे खायला बसणारा ग्रुप हा! पण सुनंदाने सगळ्यात आधी नाव दिलं. तिचे वडील, अप्पा, लक्ष्मीबाई नगरात माझ्या मेव्हण्याच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतात. त्यांनी ऐकलं आणि फोनवरच निकाल दिला, "हे गुडघे घेऊन? आमच्याकडे दुसऱ्या मजल्यावर येताना तीनदा थांबतेस तू!"

"खिंडीतून व्हिडिओ कॉल करीन, अप्पा. मग बोला!"

आता गोम अशी, की अप्पा फक्त सुनंदाचा फोटो दिसला तरच फोनवर बोलतात. बाकी जगातले सगळे नंबर त्यांच्या लेखी फ्रॉडवाल्यांचे. (मीसुद्धा! दिवाळीच्या शुभेच्छा द्यायला फोन केला, तर "ओटीपी नहीं देंगे!" असं ओरडून ठेवून दिला.) म्हणजे पाच दिवस, विजेशिवाय, सुनंदाचाच फोन जिवंत राहायला हवा होता. ही जबाबदारी मी छाती पुढे काढून घेतली.

आधी मी शेजारच्या चड्ढाजींची सौरऊर्जेवाली पॉवर बँक उसनी आणली आणि बाल्कनीत ठेवली. दिल्लीच्या धुरक्यात तिने तीन दिवस उन्हाची वाट पाहिली. तिच्यावर धूळ बसली, एक कबूतर बसलं, चार्ज मात्र बसला नाही! मग मी दुकानं पालथी घातली. एका दुकानदाराला मी विचारलं, "थंड में कितना चलेगा? वजन कितना? और लिखा है उतना असल में देता है क्या?"

तो थकून म्हणाला, "सर जी, आपको पहाड़ चढ़ना है या पीएचडी करनी है?"

शेवटी त्याने आतून एक काळी वस्तू आणली आणि दोन्ही हातांनी काउंटरवर ठेवली. काउंटर हलला. "तीस हज़ार एमएएच. हाथी है, हाथी!"

हत्ती घरी आला. सुनंदाने तो उचलून पाहिला आणि परत ठेवला. "अहो, ही बांधकामाची वीट आहे. हिला पाठीवर कोण घेणार?"

"मी!" मी म्हणालो. माणसाने इतक्या पटकन काही बोलू नये.

पहिले दोन दिवस माझी पाठ रडत होती आणि ग्रुप हसत होता. पण तिसऱ्या मुक्कामावर थंडीने सगळ्यांच्या पॉवर बँका माना टाकून बसल्या. मी माझी मात्र लोकरी टोपीत गुंडाळून पोटाशी धरून आणली होती. (सुनंदाला मी इतकं जपून कधी कुठे नेलं नव्हतं, हे तिनेच चारचौघांत सांगितलं.) माझ्या विटेचे चारही दिवे लखलखत होते! बघता बघता तंबूसमोर रांग लागली. मला पहिला चहा मिळाला, शेकोटीजवळची जागा मिळाली. चड्ढाजी, जे सोसायटीत माझ्या गाडीमागे गाडी लावतात, ते हात जोडून म्हणाले, "भाईसाहब, बस दस परसेंट!"

मी राजासारखा म्हणालो, "चलो, बीस ले लो."

सगळ्या प्रजेचं झाल्यावर, झोपायच्या आधी, मी सुनंदाचा फोन लावला. साठ टक्के होता, सकाळपर्यंत शंभर होईल. फोनवर काहीतरी प्रश्न आला. चष्मा बॅगेच्या तळाशी होता. मी 'ओके' दाबून टाकलं.

सकाळी पॉवर बँक ताजीतवानी होती. सुनंदाचा फोन मेला होता!

चड्ढाजींच्या मुलीने केबल पाहिली, फोन पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "अंकल, दोन्ही बाजूंनी चार्ज होतं हे. फोनने काल तेच विचारलं असणार. रात्रभर आंटींचा फोन तुमच्या पॉवर बँकेला चार्ज करत होता."

सुनंदाने फोन काढून घेतला आणि स्वतःच्या खिशात टाकला. त्यामुळे मी फारच घाबरलो.

गाईड तर हाका मारत होता. दुपारनंतर खिंडीत हवा बिघडते, लगेच निघायला हवं. म्हणजे चालता चालताच चार्जिंग! मी आता चष्मा लावला, दुसऱ्या भोकात दुसरी केबल घातली आणि हात पुढे केला. "दे, फोन माझ्या बॅगेत टाकतो."

"फोन माझ्याच खिशात राहील," ती म्हणाली. "तुमच्या हातात आता मी चहाचा कपसुद्धा देणार नाही."

वीट तिला पेलवणार नव्हती, फोन ती सोडणार नव्हती, आणि केबल होती जेमतेम दोन हात. तेव्हा ती पुढे, मी मागे, मधे केबल, अशी आमची वरात निघाली. लग्नात उपरण्याला शालूची गाठ मारली होती, त्यानंतर आम्ही इतके जवळजवळ कधी चाललो नव्हतो!

"देखो देखो," चड्ढाजी ओरडले, "भाईसाहब ने भाभीजी को चार्जिंग पे लगा दिया!"

आणि खरंच लावलं होतं की काय, कोण जाणे! गुडघेवाली सुनंदा थांबेचना. मी थांबलो की केबल ताणायची, ती मागे न बघता म्हणायची, "सुटेल हं!" आणि मी धावत सुटायचो. एकदा मी देखावा बघायच्या निमित्ताने टेकलो. "देखावा वर जास्त चांगला आहे," ती म्हणाली. आम्ही चड्ढाजींना मागे टाकलं. घोड्यांना मागे टाकलं. शेवटच्या चढावर तर आमच्या पुढे फक्त गाईड होता आणि तोही वळून वळून बघत होता.

ग्रुपमधून खिंडीत पहिली पोचली सुनंदा. दोन हातांच्या अंतराने मी.

सगळीकडे बर्फाची शिखरं चमकत होती. सुनंदाने फोन चालू केला. बेचाळीस टक्के! नेटवर्कच्या दोन काड्या! तिने कॉल लावला, आणि फोटो ओळखून अप्पांनी पहिल्याच रिंगला उचलला.

"अप्पा, बघा! खिंड! सगळ्यांच्या आधी!"

अप्पांनी शिखरं पाहिली, लेकीचं लाल झालेलं तोंड पाहिलं. मग डोळे पुसत म्हणाले, "शाब्बास, सुनंदा! जिंकलीस गं! मी हरलो." सुनंदा रडली, गाईडने टाळ्या वाजवल्या, माझाही ऊर भरून आला. एवढ्यात अप्पांनी डोळे बारीक करून स्क्रीनच्या कोपऱ्यात पाहिलं. तिथे मी बर्फात चारी हातपायांवर धापा टाकत होतो आणि माझ्या पाठीवरून एक काळी दोरी त्यांच्या लेकीच्या हाताकडे गेली होती.

"अगं," अप्पा काळजीने म्हणाले, "जावईबापूंना बांधून ओढत आणलंस की काय?"

मी जोरात 'नाही' म्हणणार होतो, पण माझ्यात तेवढा एक टक्काही उरला नव्हता.