गोचीडतापातली गाय

मिरजगावजवळच्या जनावरांच्या दवाखान्यात माझी बदली झाली, तेव्हा मी गावात भाड्याची खोली घेऊन एकटीच राहत होते. दिवसभर माणसं भेटायची, पण बोलणं सगळं जनावरांचं. वैरण खाते का, शेण कसं टाकते, कास सुजली का. खोलीवर परतल्यावर माझी चौकशी करायला कुणी नसायचं.

त्या उन्हाळ्यात एका वस्तीवरून फोन आला. साठी ओलांडलेले एक बाबा तिथं एकटे राहायचे. मुलगा आणि सून पुण्याला कामाला होते. गोठ्यात एकच संकरित गाय, नुकतीच व्यालेली. मान टाकून धापा टाकत उभी होती. अंग तापलेलं, खांद्यापुढची गाठ मुठीएवढी सुजलेली, पापणी उलटून पाहिली तर आतून पांढरीफटक. आणि कासेवर, शेपटीखाली, कानांत गोचीडच गोचीड. काही शेंगदाण्याएवढे फुगलेले.

“बाबा, इतके गोचीड होईपर्यंत कुणी बघितलंच नाही?” मी जरा रागानंच विचारलं.

“रोज दुपारी कारभारीन काढायची, मॅडम. काढून चुलीत टाकायची. संक्रांतीच्या आधी गेली ती.”

गायीच्या कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब काचेवर घेतला आणि दवाखान्यात परतले. संशय होताच, पण खात्री हवी होती. काच रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर तांबड्या पेशींच्या आत बारीक निळसर अंगठ्यांसारखे जंतू दिसले. गोचीडताप. तशीच परत गेले आणि मानेत इंजेक्शन दिलं.

“वाचंल का?”

“उशीर झालाय. पण बघू.”

नंतर मी रोज जात राहिले. ताप हळूहळू उतरला, आणि एके सकाळी तिनं बाबांच्या हातून मूठभर घास ओढून घेतला. बाबा माझ्याकडं न बघता उपरण्यानं तोंड पुसत राहिले.

पण नुसती गाय बरी करून भागणार नव्हतं. गोठ्याच्या दगडी भिंतीतल्या भेगांमध्ये गोचिडांनी अंडी घातली होती. आम्ही दोघांनी भेगा साफ करून बुजवल्या, चुना मारला, औषध फवारलं. बाबा दिवसभरात चार शब्द बोलायचे. मलाही सवय नव्हती राहिलेली. तरी त्या शांततेत कुणाच्या तरी सोबतीनं काम करणं मला बरं वाटत होतं.

“आता रोज अंग तपासायचं,” मी सांगितलं. “कान, कास, शेपटीखाली.”

“दूध काढू देती, पन कानाला हात लावला की लाथ मारती. कारभारनीपुढं मात्र गुमान उभी ऱ्हायची. ती बोलत बसायची न्हवं हिच्याशी.”

“काय बोलायच्या?”

“ठाव न्हाई. मी कधी आयकलंच न्हाई. हितंच बाजंवर पडलेला असायचो.”

“मग तुम्ही तुमचं बोला. काहीही.”

गाय दुधावर आली, पूर्वीइतकी नाही, पण आली. मला जायचं कारण उरलं नाही. दुसऱ्या गावचे फोन येत होते, मी जात होते, संध्याकाळी खोलीचं कुलूप उघडत होते.

पुढं एका रविवारी दवाखाना बंद असताना मी उगाचच त्या वस्तीकडं गाडी वळवली. बाबा गायीच्या कानाशी वाकून बसले होते. “आज भाकर करपली बघ,” ते तिला सांगत होते, “वरनात मीठ टाकायचं पन इसरलो.” गाय हलली नाही. त्यांनी कानातून एक गोचीड काढून बाजूच्या घमेल्यातल्या निखाऱ्यावर टाकला.

मला पाहून ते उठले. का आलात, असं त्यांनी विचारलं नाही. आत जाऊन चहाचं आधण ठेवलं आणि माझ्यासाठी बाज सावलीत ओढली.